गोल डोक्याची किल्ली

श्रीरंग खांबेटे हा माणूस भित्रा होता. हे मी माघारी बोलत नाही. त्याच्याच डायनिंग टेबलापाशी बसून, त्याच्या बायकोच्या, पद्मिनीच्या, हातची थालीपिठं खाता खाता, त्याच्या तोंडावर कितीदा तरी बोलले आहे. तो त्यावर हसायचा, आणि हसता हसता उठून शेगडी बंद आहे ना ते बघून यायचा.

ऐंशीच्या दशकात टेक्ससमध्ये, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये आमची घरं एकाच रस्त्यावर होती. माझा नवरा रवी आणि श्रीरंग एकाच कंपनीत इंजिनियर. जमिनीखालच्या पाइपलाइनला गंज कुठे लागलाय ते शोधायचं, हे श्रीरंगचं काम. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी खाली सडतंय, असं धरूनच हा माणूस रोज घराबाहेर पडायचा आणि त्याबद्दल त्याला पगार मिळायचा. मग स्वभाव बदलणार तरी कसा?

त्या कामासाठी त्याला गाडीने लांब लांब जावं लागे. टेक्ससमध्ये लांब म्हणजे खरंच लांब. दोन्ही बाजूंना कुरणं, मधून सरळ रस्ता आणि मैलोन् मैल माणूस नाही. अशाच एका रस्त्यावर भर उन्हात त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. मागून एक पिकअप ट्रक येऊन थांबला. ट्रकच्या मागच्या काचेला दोन बंदुका आडव्या टांगलेल्या. त्यातून दोन धिप्पाड माणसं उतरली आणि श्रीरंगची पाचावर धारण बसली. त्या दोघांनी त्याला चाक बदलून दिलं, थंडगार कोक पाजला आणि ते आपल्या वाटेने निघून गेले. पुढच्या आठवड्यात श्रीरंगने रिव्हॉल्व्हर विकत घेतलं.

"अरे, पण त्यांनी तर तुला मदत केली," मी म्हटलं.

"नसती केली तर, सुलेखा?" तो म्हणाला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच.

पद्मिनीने त्याला एकच गोष्ट बजावली होती. "घरात लेकरू आहे. ती वस्तू मला उंबऱ्याच्या आत नको." त्यामुळे ती वस्तू गाडीत राहायला गेली. आधी सीटखाली ठेवली, तर ब्रेक मारला की घरंगळत पायाशी यायची आणि याला दरदरून घाम फुटायचा. मग ती समोरच्या कप्प्यात गेली, कुलपात. तेव्हाच्या पुष्कळशा अमेरिकन गाड्यांना दोन किल्ल्या असत. चौकोनी डोक्याच्या किल्लीने गाडी चालू व्हायची. गोल डोक्याच्या किल्लीने दारं, डिकी आणि हा समोरचा कप्पा उघडायचा. दोन्ही किल्ल्या एकाच कडीत, कडी श्रीरंगच्या खिशात, आणि खिशावर दर थोड्या वेळाने त्याचा हात.

गोळ्या भरलेल्याच असायच्या. रिकामं पिस्तूल आणि पेपरवेट यांत काही फरक नाही, असं ऑफिसात त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गाडीत असं हत्यार बाळगणं कायद्यात बसतं की नाही, याबद्दल त्याच ऑफिसात जितकी तोंडं तितकी मतं होती. नक्की काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याचीही वेगळी भीती होतीच. पोलिसांची गाडी मागे दिसली की हा इतका हळू चालवायचा की पोलिसालाच संशय यावा. भीती घालवायला माणसाने एक वस्तू आणली आणि आता त्या वस्तूलाच तो भ्यायला लागला. मला राग यायचा. मी म्हणायचे, "टाक ना काढून." तो म्हणायचा, "कुलूप आहे गं. कुलूप आहे म्हटल्यावर काय होणार आहे?"

त्याची मुलगी दीपा तेव्हा नऊ वर्षांची होती. गप्प राहणारी, टक्क डोळ्यांची पोर. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. माझी संध्या तिच्याहून लहान, सहाची, आणि दीपा जाईल तिथे तिच्या मागे.

तेलाचे भाव कोसळले, त्या वर्षीचा दसरा. ह्यूस्टनमध्ये दर आठवड्याला कुणाची तरी नोकरी जात होती आणि माणसं नेहमीपेक्षा जास्त देवदेव करत होती. अमेरिकेत आपले सगळे सण शनिवार-रविवार बघूनच येतात. त्यामुळे खंडेनवमी आणि दसरा दोन्ही एकाच रविवारी दुपारी, डॉक्टर नरेंद्र आणि कांचन यांच्या घरी उरकायचं ठरलं. नरेंद्रची आई गडहिंग्लजहून सहा महिन्यांसाठी आली होती. आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो. त्यांच्या माहेरी म्हणे खंडेनवमीला तलवारी, भाले, ठासणीच्या बंदुका चौरंगावर मांडून पूजा व्हायची. इथे दिवाणखान्यातल्या फायरप्लेसपुढे चौरंग मांडलेला आणि त्यावर काय, तर नरेंद्रचा स्टेथोस्कोप, रवीचा कॅल्क्युलेटर, पकडी, स्क्रू ड्रायव्हर आणि कांचनची शिवणाची कात्री. आजींनी ते सगळं बघून नाक मुरडलं होतं. आपट्याची पानं मात्र होती. कुणाच्या तरी अंगणात तशाच जोडपानांचं एक झाड होतं, ते अर्धं ओरबाडून आणलं होतं.

वाहनांची पूजा तर करायलाच हवी. दारापुढे रस्त्याच्या कडेला गाड्याच गाड्या लागल्या होत्या. मग आजींनी फर्मान काढलं की येईल त्याने आपल्या गाडीच्या किल्ल्या देवीपुढच्या ताटात ठेवायच्या. मग त्या सवडीने जाऊन एकेका गाडीला हळदकुंकू वाहतील, चाकाखाली लिंबू ठेवतील. सगळ्यांनी किल्ल्या ठेवल्या. देवीपुढे कोण नाही म्हणणार? श्रीरंगनेही खिशातून कडी काढली, ताटात ठेवली, वर नमस्कार केला. जगातल्या प्रत्येक गोष्टीला भिणारा हा माणूस देवीच्या ताटाला मात्र भ्यायला विसरला.

मी बर्फाची पिशवी आणायला गॅरेजमध्ये गेले होते. मोठं दार उघडंच होतं. बाहेरून श्रीरंग आला. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणायला तो गाडीकडे गेला होता. त्याचा चेहरा बघून मला वाटलं, याला उन्हाची भोवळ आली.

"सुलेखा," तो म्हणाला. मग माझं मनगट धरून त्याने मला गाडीपाशी नेलं. गाडी उघडी होती. स्टिअरिंगवर कुंकवाची बोटं, डॅशबोर्डवर अक्षता, आणि समोरच्या कप्प्याचं झाकण खाली लोंबकळत होतं. आत गाडीचे कागद होते आणि त्यांवर एक झेंडूचं फूल. दुसरं काही नव्हतं.

"भरलेलं होतं?" मी विचारलं.

त्याने होकाराची मान हलवली. माझ्या हातातली बर्फाची पिशवी कधी खाली पडली ते मला कळलं नाही. मागच्या अंगणातून मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्यात माझी संध्या होती.

"ओरडून सगळ्यांना सांग," मी म्हटलं.

"नको. प्लीज नको. ज्याच्या हातात असेल ते पोरगं दचकेल. दचकलं तर..." त्याने अंगणाकडे बघितलं. "आधी कुणाकडे आहे ते बघू."

मला त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. पण त्याच्या म्हणण्यात अर्थ होता, हे त्याहून भयंकर. आम्ही घराच्या बाजूने मागे निघालो. पळायचं नव्हतं, पळालो तर मुलंही पळाली असती. मी प्रत्येक पोराच्या हाताकडे बघत होते. एकाच्या हातात बॉल, एकीच्या हातात चिवड्याची वाटी. संध्या कुठे दिसेना. दीपाही दिसेना.

तेवढ्यात कुंपणापाशी फाट्‌ असा आवाज झाला.

मी कशी धावले, मला आठवत नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात कांचनचा प्रसन्न उभा होता आणि त्याच्या हातात टिकल्यांचं खेळण्यातलं पिस्तूल होतं. तो माझ्याकडे बघून घाबरला. मी ते पिस्तूल त्याच्या हातातून हिसकावलं, उलटसुलट करून बघितलं, प्लास्टिक आहे याची खात्री केली आणि त्याला परत दिलं. पोर रडायच्या बेताला आलं होतं. त्याची समजूत काढायला माझ्याकडे वेळ नव्हता.

"संध्या कुठाय?" मी विचारलं.

"इनसाइड, मावशी. आजी कॉल्ड देम. फॉर पूजा."

आम्ही मागच्या दाराने आत शिरलो. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं पुढे पुष्कळदा आम्हाला चिडवलं गेलं. त्या क्षणी मात्र कुणाला हसू सुचलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

चौरंगापुढे लहान मुलांची रांग होती. आजी बाजूला पाटावर बसून एकेकाला शिकवत होत्या. "सगळ्या हत्यारांना हात लावायचा, मग डोळ्यांना लावायचा, मग डोकं टेकायचं." स्टेथोस्कोप आणि पकडींच्या मधोमध, आपट्याच्या पानांच्या ढिगात, मुठीला हळदकुंकू लावलेलं श्रीरंगचं रिव्हॉल्व्हर होतं. नळी मुलांकडे. आणि आजींनी हौसेने झेंडूची लांब माळ केली होती, ती चौरंगाभोवती फिरवून शेवटचं टोक त्या रिव्हॉल्व्हरच्या चापाच्या कडीतून ओवून घेतलं होतं. माळ चौरंगाच्या कडेवरून खाली लोंबत होती. रांगेत पहिली संध्या होती. तिला फुलं फार आवडायची. तिने ती माळ हातात धरली होती.

माझ्याआधी श्रीरंगच बोलला, आणि इतक्या मऊ आवाजात की मी त्याला तसं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"संध्या, बेटा, माळ सोड. हळूच. ओढायची नाही. सोड."

तिने सोडली. तो पुढे झाला आणि त्याने तिच्या आणि त्या नळीच्या मधे स्वतःला घातलं. नळीला छाती लावून तो चौरंगापुढे बसला. जमलेल्या मंडळींना वाटलं, श्रीरंगला आज फारच भक्ती आलेली दिसते. कुणीतरी हसलं. मी संध्याला कवेत उचलून भिंतीपर्यंत मागे सरकले आणि बाकीच्या मुलांना हाताने लोटलं.

"काय करतोस रे? आरती व्हायची आहे अजून," आजी म्हणाल्या.

डाव्या हाताने श्रीरंगने नळी कशीबशी फायरप्लेसच्या विटांकडे वळवली. मग पूजेतलीच कांचनची कात्री उचलली आणि चापाच्या दोन्ही बाजूंनी माळेचा दोरा कापला. मग मात्र खोलीत सगळ्यांना कळलं. पद्मिनी स्वयंपाकघराच्या दारात पुऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ते ताट अगदी सावकाश खाली ठेवलं.

रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळून तो मागच्या अंगणात गेला. भिंतीकडे तोंड करून त्याने गोळ्या काढल्या. एक गोळी गवतात पडली. ती सापडेपर्यंत त्याने कुणाला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

आजी बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. "मी म्हटलं, एवढ्या पकडी नि कात्र्या मांडल्यात, खरं हत्यार एक तरी असू दे की. माझ्या माहेरी कधी भरलेली बंदूक पूजेला ठेवत नव्हते. मला काय माहीत, इथं भरून ठेवतात."

"पण आजी, तो कप्पा कुलपात होता," श्रीरंग म्हणाला. "तुम्ही उघडलात कसा?"

"मी कशाला उघडतेय? मला त्या किल्ल्यांतलं काय कळतंय? मी तुझ्या पोरीला विचारलं, बाबाचं काही हत्यार आहे का गं गाडीत, पान्हा वगैरे. तिनंच उघडून दाखवलं."

दीपा सोफ्याच्या टोकाला बसली होती. श्रीरंग तिच्यासमोर जमिनीवर बसला. मी तिथेच होते, म्हणून मी जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगते.

"दीपा, कोणती किल्ली ते तुला कुणी सांगितलं?"

"राउंड वन, बाबा. स्क्वेअर वन इज फॉर स्टार्टिंग." तिला हा प्रश्नच फार सोपा वाटला असावा.

"आत काय आहे, ते तुला माहीत होतं?"

"येस. यू गो इन टू पे फॉर गॅस, अँड यू लीव्ह द कीज विथ मी. फॉर द रेडिओ." बापाचा चेहरा बघून तिला वाटलं असणार, आपलं काही चुकलं. म्हणून तिने घाईघाईने त्याची समजूत घातली. "डोन्ट वरी, बाबा. आय ऑल्वेज पुट इट बॅक द सेम वे."

श्रीरंगने तिचे दोन्ही हात धरले आणि ते उलटेपालटे करून बघत राहिला, सगळी बोटं जागेवर आहेत ना ते बघावं तसा. त्या दुपारी जे झालं असतं, ते भय एक होतं. पण गेलं वर्षभर, प्रत्येक गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, तो आत पैसे द्यायला उभा असताना बाहेर गाडीत काय चाललं होतं, हे आता त्याला दिसत होतं. घडून गेलेल्या गोष्टीला माणूस इतकं भिऊ शकतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी स्वतःही भ्याले. संध्या कितीतरी वेळा त्या गाडीतून दीपाबरोबर पोहायला गेली होती.

त्यानंतर कुणीही म्हणेल, ती वस्तू त्याने विकून टाकायची. पद्मिनीही तेच म्हणाली, चांगली तारस्वरात म्हणाली. पण भित्र्या माणसाचं डोकं वेगळ्याच वाटेने चालतं. "विकली तर ती दुसऱ्याच्या गाडीत जाईल," तो म्हणाला. "त्याच्याही गाडीत पोर बसत असेल."

मग त्याने जाड पत्र्याची एक पेटी करून घेतली. डिकीच्या तळाला भोकं पाडून खालून नटबोल्टने ती पक्की आवळली. गंजू नये म्हणून तिला तीन हात रंगही दिला. रिव्हॉल्व्हर त्या पेटीत, रिकामं. गोळ्या वेगळ्या, गाडीत नाहीतच. आणि पेटीची किल्ली गाडीच्या कडीत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत माणसं तिजोरीची किल्ली जानव्याला बांधत. श्रीरंगने अमेरिकेत येताच काढून ठेवलेलं जानवं पुन्हा गळ्यात घातलं, ते या एका किल्लीसाठी.

"म्हणजे आता चोर आला," मी त्याला म्हटलं, "तर तू आधी गाडीतून उतरणार, डिकी उघडणार, शर्टाची बटणं सोडणार, जानवं ओढणार. तोवर त्याने थांबायचं?"

"चोराचं आता काही वाटत नाही गं," तो म्हणाला. तो हे हसत म्हणाला नव्हता. गॅस भरायला उतरला की तो दीपाला हाताला धरून खाली उतरवायचा आणि पैसे द्यायला आत नेताना तो हात सोडायचा नाही. ती वैतागायची. बघणारे हसायचे. मी मात्र त्या बाबतीत त्याला पुन्हा चिडवलं नाही.

पुढचा दसरा आला. आजी परत गेल्या होत्या. आम्ही पुन्हा कांचनच्या दिवाणखान्यात जमलो. या वेळी किल्ल्यांचं ताट नव्हतं. ज्याने त्याने आपापल्या गाडीला आपणच कुंकू लावलं. श्रीरंग वाकून चौरंगाला नमस्कार करत होता. मी शेजारीच उभी होते. वाकताना त्याच्या सदऱ्याच्या गळ्यातून जानवं बाहेर आलं आणि ती छोटी किल्ली देवीपुढे लोंबकळली.

दीपा पुढे झाली. आता ती दहाची होती. तिने ते जानवं दोन बोटांनी उचललं आणि बापाच्या गळ्यातून सदऱ्याच्या आत नीट सोडलं. आई लेकराचा शर्ट आत खोचते, तसं.

"बाबा, युवर की वॉज शोइंग," ती हळूच म्हणाली. तो वाकलेलाच राहिला.

"ही कसली किल्ली, ठाऊक आहे तुला?" त्याने विचारलं.

"द बॉक्स इन द ट्रंक. अँड द बुलेट्स आर बिहाइंड द राइस, टॉप शेल्फ." पद्मिनीने उंबऱ्याच्या आत नको म्हटलेल्या त्या वस्तूचा अर्धा भाग त्याने तांदळाच्या डब्यामागे दडवला होता, हे खुद्द पद्मिनीलाही ठाऊक नव्हतं. पोरीने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "आय डोन्ट टच, बाबा. आय प्रॉमिस्ड. आय जस्ट नो व्हेअर इट इज."

सोमवारी तो कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेला आणि समोर उभं राहून त्याने त्या रिव्हॉल्व्हरचे गॅसकटरने तुकडे करवून घेतले. गोळ्या पोलिसांकडे नेऊन दिल्या. मला त्याने हे आमच्या दारातच उभ्या उभ्या सांगितलं. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"सुलेखा, वर्षभर मी तिला माहीत नसलेली एक जागा शोधत होतो," तो म्हणाला. "तशी जागा नाहीये गं."

मग तो घरी निघाला. दीपा रस्त्याच्या पलीकडे त्याची वाट बघत उभी होती. रस्ता रिकामा होता, एकही गाडी येत नव्हती. तरी त्याने तिला हाताने खूण केली, तिथेच थांब, मी येतो.